रानाची मोरी

उन्हाळ्यात शिरोळ तालुक्यातून जाताना उभ्या उसाच्या मधोमध एखादं रान चुना शिंपडल्यासारखं पांढरं दिसतं. काठाला वेड्या बाभळी, मधे लव्हाळ्याची बेटं. पाय ठेवला की वरचा पापुद्रा कुरकुरतो आणि त्याखाली चप्पल रुतते. सरकारी अहवालात ही जमीन 'क्षारपड' असते. गावात विचारलं तर एवढंच कळतं: 'रानाला मीठ फुटलंय.'

तालुका चार नद्यांचा: कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा. पाण्याच्या बाबतीत कोल्हापूरकराची मान ताठ असते आणि त्याला कारणही आहे. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं. नदीत दगडी खांब उभारायचे, पावसाळा सरला की त्यांत बरगे घालायचे आणि पुढच्या पावसाआधी काढायचे, अशा बंधाऱ्याचं तर नावच 'कोल्हापूर पद्धतीचा' असं पडलं. मग सहकारी उपसा योजना आल्या आणि नदीपासून लांबची रानंही भिजली. पाणी रानात आणायचं कसं हे या जिल्ह्यानं इतरांना शिकवलं. आलेलं पाणी रानाबाहेर कसं जाणार, हे मात्र ऊस पिवळा पडेपर्यंत फारसं कुणी विचारलं नाही. घर बांधताना आपण नळाबरोबर मोरीही काढतो. रानाला मोरी ठेवायची राहून गेली.

रानाला मीठ कसं फुटतं ते कळायला एक जुनं यंत्र आठवावं, खारं पाणी उन्हावर गोडं करायचं. काळ्या रंगाचा उथळ हौद आणि त्यावर तिरपी काच. उन्हानं पाण्याची वाफ होते, काचेला लागून तिचं पुन्हा पाणी होतं, ते ओघळून पन्हळीत गोळा होतं आणि मीठ तळाशी राहतं. चिलीतल्या लास सालिनास इथं १८७२ मध्ये खाणीसाठी असा मोठा पसारा उभा राहिला होता. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं १९७८ मध्ये जवळच्या अवानिया गावात दिवसाला ५,००० लिटर पाणी देणारं संयंत्र बसवलं. चौरस मीटरला दिवसाकाठी ३-४ लिटर, एवढीच त्याची कुवत. पण इंधन फुकट.

शिरोळचं खराब रान म्हणजे हेच यंत्र, फक्त काच नसलेलं. ऊन तेच आणि वाफही तशीच. गोडं पाणी आभाळात गेलं आणि तळाचं मीठ मालकाच्या वाट्याला आलं.

हिशोब करून बघण्यासारखा आहे. पाटानं मोकळं पाणी दिलं तर उसाच्या एका पिकाला एकूण २ मीटर उंचीचं पाणी सहज जातं. एकराला ते सुमारे ८० लाख लिटर होतं. लिटरमागे फक्त पाव ग्रॅम क्षार धरले, म्हणजे जिभेला पाणी गोडंच लागेल इतके, तरी एकरात २ टन होतात. कुणी इतकी मिठाची पोती रानात नेऊन ओतली असती तर शेजारच्यानं हात धरला असता. जमिनीखालून निचरा असता तर हे मीठ पाण्याबरोबर निघूनही गेलं असतं. पण इथली काळी चिकण माती पाणी धरून बसते. वर्षानुवर्षं जास्तीचं पाणी साचून जमिनीखालची पातळी दीड मीटरच्या आत आली की माती समईच्या वातीसारखी खालचं खारं पाणी वर ओढते, आणि वर ऊन वाटच बघत असतं.

रोग नवा नाही. मुंबई इलाख्यानं १९१६ मध्ये 'स्पेशल इरिगेशन डिव्हिजन' काढली ती कालव्याचं पाणी आणि शेतीची गरज यांचा मेळ बसवायला. अभियंते क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांवरच्या पाणथळ जमिनींच्या निचऱ्यावर तेव्हाच काम केलं. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचं मूळ त्याच विभागात आहे. म्हणजे कागदावर शंभर वर्षांपूर्वी कळलेलं होतं.

शिरोळमध्ये ते मातीत उतरलं अलीकडे. श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्यानं गणपतराव पाटील यांच्या पुढाकारानं सच्छिद्र निचरा प्रणालीचं काम हाती घेतलं. वळ्यावळ्यांची प्लास्टिकची नळी, वळ्यांच्या खोबणीत बारीक भोकं आणि गाळ आत शिरू नये म्हणून अंगावर जाड कापडाची गवसणी. जेसीबीनं चार-पाच फूट खोल चर काढून ती पुरायची. ठरावीक अंतरावर अशा नळ्या, त्या सगळ्या मोठ्या नळीला जोडलेल्या, जोडावर चेंबर आणि मोठ्या नळीचं तोंड ओढ्यात. पावसाचं गोडं पाणी वरून मुरतं, मीठ विरघळवतं आणि भोकांतून नळीत उतरतं. मीठ फुटवलं उन्हानं, धुतो पाऊस आणि वाहून नेतो उतार. ना मोटर, ना वीजबिल. जिथं उतारच मिळत नाही तिथं खड्डा करून उपसावं लागतं. सौर पंप बसवायचा तर माझ्या मते तिथं बसवावा.

सगळी मेख उतारात आहे. १०० मीटरला १०-२० सेंटिमीटर, बस्स. डोळ्यांना रान सपाटच दिसतं. मधे कुठं नळी वीतभर पोटात गेली तर तिथं गाळ बसतो आणि वरचा सगळा खर्च पाण्यात जातो. म्हणून आधी लेव्हल घ्यायची. गवंड्याची पाणसळ इथं पुरत नाही, डंपी लेव्हल लागते. इचलकरंजी, कोल्हापूर, वारणानगर, सांगली, एवढ्या टापूत अभियांत्रिकीची किती महाविद्यालयं आहेत! त्यांतली पोरं सर्वेक्षणाचं प्रात्यक्षिक कॉलेजच्या मैदानावर, वर्षानुवर्षं त्याच खुंट्यांवर करतात असा माझा अनुभव. त्यांना चार दिवस या रानात आणून सोडावं. चूक झाली तर पुढच्या पावसात ती चेंबरमध्ये दिसते, मार्क देणाऱ्याची गरज नाही.

मातीचं शिक्षणही तिथंच होतं. मातीच्या अर्काची विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त. सामू साडेआठच्या वर आणि सोडियम जास्त असेल तर ती चोपण, मग नुसत्या निचऱ्यानं भागत नाही, जिप्समही घालावं लागतं. दोन्ही रोग पांढरेच दिसतील असं नाही, म्हणून माती तपासल्याशिवाय खर्च करणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात यावर बरंच काम झालेलं आहे.

खरा अवघड भाग नळीचा नाहीच. एकाचं पाणी ओढ्याला जायचं तर ते दुसऱ्याच्या रानाखालून जातं. ज्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या झाल्या, त्याच बांधाखालून आता एकमेकांची नळी न्यायची. खर्च एकरी लाखाच्या पुढे, आणि उत्पन्न बंद पडलेल्या रानावर एकट्याला कर्ज मिळत नाही. म्हणून गावोगावी जमीन सुधारणेच्या संस्था झाल्या, सगळ्यांनी मिळून कर्ज काढलं. शेडशाळ, कवठेसार, बुबनाळ इथं कामं झाली. सहकारात आपल्याकडे पुष्कळ काही सडलं आहे, पण हे काम सहकाराशिवाय झालं नसतं हे कबूल करायला हवं.

एका रानाच्या मालकांनी चेंबरचं झाकण सरकवून दाखवलं. खाली नितळ पाण्याची करंगळीएवढी धार. 'सर, जरा चाखा की,' म्हणाले. बोट बुडवून जिभेला लावलं. खारट आणि मागून कडवट.

'हे कुठं जातं?'

'ओढ्यात. ओढा कृष्णेत.'

'आणि तिथून?'

'कर्नाटकात,' ते हसले. 'पुराच्या वक्ताला ते आमच्याकडं पाणी तुंबवत्यात म्हणतो आम्ही. आता आम्ही त्यास्नी मीठ धाडतोय.' मग झाकण बसवत म्हणाले, 'पर पाणीच कमी द्यायला पायजे, सर. ड्रिप केलंय मी. शेजारचा अजून पाटानंच सोडतोय. त्याचं पाणी माझ्या नळीत येतंय.'