मंदिरापासून मशिदीपर्यंत, पायी

अहमदाबादेला गेलेला मराठी प्रवासी साबरमती आश्रम पाहतो, ढालगरवाडात साड्या घेतो आणि परततो. कोटाच्या आतले बाकीचे शहर राहून जाते, कारण तिथल्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. मला तर ते शहर पाहण्याचे खरे कारणच हे वाटते.

महापालिकेने १९ नोव्हेंबर १९९७ रोजी तिथे ‘हेरिटेज वॉक’ सुरू केला. सकाळी काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापाशी जमायचे आणि गाइडच्या मागून दोन-अडीच तासांत जामा मशिदीपर्यंत जायचे. मंदिर १८२२चे, मशीद १४२४ची. म्हणजे आपण चार शतके उलटी चालत जातो.

या दोन टोकांच्या मध्ये आहे ती पोळवस्ती. पोळ म्हणजे एका दरवाजाआडची वस्ती. बहुधा एकाच जातीची किंवा धंद्याची घरे, मध्ये चौक, पक्ष्यांसाठी कोरीव लाकडी चबुतरा. रात्री दरवाजा लावला की पोळ सुरक्षित. दंगाधोप्याच्या काळात पळता यावे म्हणून एका पोळेतून दुसरीत जाणाऱ्या चोरवाटाही ठेवलेल्या. नकाशा हातात असूनही परका माणूस इथे हमखास चुकतो. ज्या भिंतीशी गल्ली संपली असे वाटते, तिथूनच गाइड आपल्याला पलीकडे नेतो.

मला सगळ्यात मोलाचे वाटते ते डोळ्यांना न दिसणारे: घराच्या चौकाखालचे टाके. छपरावरचे पावसाचे पाणी नळीने जमिनीखालच्या चुनेगच्ची हौदात उतरवायचे. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यायचे, कारण त्यात छपरावरची धूळ असते. आत उजेड पोचत नाही, त्यामुळे शेवाळ धरत नाही आणि वर्षभर पिण्याजोगे पाणी राहते. एकमेकांना चिकटलेल्या भिंती, अरुंद गल्ली, मधला उघडा चौक यांमुळे उन्हाळ्यातही सावली आणि वारा मिळतो. एवढे शहाणपण असलेली घरे आज गोदामे होताना पाहून वाईट वाटते. जतन केलेल्या घराच्या मालकाला विकता येणारे बांधकाम हक्क देण्याची सोय पालिकेने केली आहे. युनेस्कोने २०१७ मध्ये अहमदाबादला जागतिक वारसा शहर ठरवले, भारतातले पहिले. पण लाकडी घर दुरुस्त करणे खर्चिक असते आणि भाऊबंदांत वाटणी झालेले घर तर फारच अवघड. म्हणून हे चालणे मला महत्त्वाचे वाटते. आपल्या ओट्यासमोर थांबून कोणी तुळईचे कोरीवकाम निरखते, तेव्हा घरमालकालाही ती तुळई नव्याने दिसू शकते. मात्र ही माणसांची राहती घरे आहेत. विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत, आवाज खाली ठेवावा.

वाटेत गुजराती कवी दलपतराम यांच्या घराच्या जागी त्यांचा बसलेला पुतळा भेटतो. पुढे माणेकचौक: दिवसा सराफ बाजार, रात्री खाऊगल्ली. शेवटी जामा मशिदीच्या दोनशे साठ खांबांच्या गारव्यात पायांना विसावा द्यावा.

मराठी वाचकाने मात्र तिथून लगेच परतू नये. जवळच भद्रचा किल्ला आहे. १७५८पासून १८१७पर्यंत या शहरावर पेशवे आणि गायकवाड यांचा सामाईक अंमल होता. किल्ल्याला लागून १६३७ मध्ये बांधलेली आझमखानाची सराई आहे. तिच्या एका दालनात भद्रकालीचे मंदिर मराठ्यांच्याच काळात उभे राहिले, आणि तिथे आजही दर्शनाला रांग लागते.