लाल दिवा अडकला, म्हणून निघता येतं का?

साक्रीहून मोटारसायकलवर सुरतेकडे निघालं की दहिवेल, कोंडाईबारी, नवापूर असा रस्ता लागतो आणि सिग्नलपेक्षा ट्रकशीच जास्त गाठ पडते. सिग्नल भेटतो तो मोठ्या शहराच्या चौकात. लाल दिवा हलेना झाला की तिथे मोबाइलवर पाहिलेला एक 'नियम' हटकून आठवतो: दिवा बदलत नसेल तर दोन मिनिटं थांबायचं आणि दुचाकी काढायची.

हा नियम आहे अमेरिकेतला, आणि तिथेही सगळीकडे नाही. मिनेसोटा राज्याने २००२ मध्ये अशी सवलत दिली. व्हर्जिनियात सिग्नलचे दोन पूर्ण फेरे किंवा दोन मिनिटं, यातलं जे आधी संपेल तेवढं थांबावं लागतं आणि मग इतरांना वाट देऊनच पुढे जाता येतं. याचं कारण रस्त्याखाली आहे. तिथल्या अनेक चौकांत डांबरात चीर पाडून तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. धातूची गाडी वर आली की त्यात विद्युत बदल होतो आणि यंत्रणेला गाडी कळते. दुचाकी कधी कधी निसटते. वजनाचा इथे काहीच संबंध नाही, त्यामुळे मागे आणखी एकाला बसवून उपयोग नाही. चाकं नेमकी त्या चिरेवर उभी केली तर फरक पडू शकतो.

आपल्याकडचे बहुतेक सिग्नल ठरलेल्या सेकंदांवर चालतात. समोर ट्रक असो की मोपेड, पाळी आली की हिरवा लागतोच.

मग तो खरोखर बिघडला तर? मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये दुचाकीसाठी दोन मिनिटांची सवलत कुठेही नाही. कलम ११९ प्रमाणे वाहतुकीच्या खुणा आणि बंदोबस्तावरच्या पोलिसाचा इशारा पाळावाच लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने लाल दिवा तोडणं कलम १८४ मधल्या धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्टपणे घातलं: पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. 'रात्री चौक मोकळा होता' हे उत्तर चालत नाही. आडव्या रस्त्याला हिरवा असतो. तिकडून भरधाव येणाऱ्या ट्रकवाल्याला इकडचा दिवा अडकलाय हे कळणार कसं? जीव जातो तो इथेच, आणि बहुतेक वेळा दुचाकीवाल्याचाच.

अडकलेला लाल आणि बंद पडलेला सिग्नल यांत मात्र फरक आहे. वीज गेली, तिन्ही दिवे विझले, तर तो साधा चौक: वेग कमी करायचा, मुख्य रस्त्याला आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पिवळा लुकलुकत असेल तर सावकाश पुढे. लाल लुकलुकत असेल तर पूर्ण थांबून, दोन्हीकडे पाहून.

डावीकडे वळायला लाल दिवा आडवा येत नाही, हाही असाच घट्ट बसलेला समज. तशी मुभा फलक किंवा हिरवा बाण असेल तिथेच.

दिवा खरंच अडकला असेल तर चौकातल्या पोलिसाला सांगावं आणि त्याने हात दाखवला की निघावं. पोलीस नसेल तर ११२ ला फोन करून चौकाचं नाव सांगता येतं.