बॅसेट हाउंडच्या पिल्लाचे योग्य वजन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बॅसेट हाउंड ही आखूड पायांची, लांब कानांची आणि सैल कातडीची, मूळची फ्रान्समधील शिकारी जात असून तिचे नावच 'ठेंगणा' या अर्थाच्या 'बा' या फ्रेंच शब्दावरून आले आहे. भारतात ही जात क्वचितच पाळली जाते आणि अनेकांना ती ठाऊक असते ती 'हश पपीज' या पादत्राणांच्या बोधचिन्हावरून. त्या ओघळलेल्या, उदास चेहऱ्यामुळेच कदाचित बॅसेट म्हणजे जन्मजात जड आणि सुस्त प्राणी ही समजूत पक्की झाली असावी. या समजुतीचा सर्वांत मोठा फटका बसतो तो वाढीच्या वयातील पिल्लाला, कारण त्याच्या अंगावर चढणारी चरबी हे जातीचेच लक्षण म्हणून नजरेआड केली जाते.

पाच किंवा सहा महिन्यांच्या बॅसेटचे वजन अमुक किलो असलेच पाहिजे, असा एक आकडा कोठेतरी ठरलेला आहे, हा पहिला गैरसमज होय. अमेरिकन केनेल क्लब प्रौढ बॅसेटचे वजन सर्वसाधारणपणे 40 ते 65 पौंड, म्हणजे सुमारे 18 ते 29 किलो, असे देतो. या दोन टोकांमध्येच 11 किलोंचे अंतर असल्यामुळे लहान चणीच्या मादीला जे वजन जड ठरेल, तेच रुंद हाडापेराच्या नराला कमी पडेल. शिवाय ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीसाठी ठरवलेल्या मानकात 33 ते 38 सेंटिमीटर ही उंची दिली आहे, वजन दिलेलेच नाही.

याच्या उलट टोकाची समजूत अशी की, उंची बीगलएवढी असल्यामुळे वजनही बीगलएवढेच असावे. प्रत्यक्षात जवळपास त्याच उंचीचा प्रौढ बीगल बहुधा 9 ते 14 किलोंचा असतो, तर बॅसेट त्याच्या सुमारे दुप्पट भरतो, आणि ते चरबीमुळे नसून शरीराच्या घडणीमुळे असते. बॅसेटचे आखूड पाय हा कॉन्ड्रोडिस्प्लेझिया या अवस्थेचा, म्हणजे लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेची वाढ लवकर आटोपण्याचा, परिणाम आहे. एफजीएफ-4 या जनुकाची एक जादा प्रत गुणसूत्रात शिरल्यामुळे हे घडते, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. 2017 मध्ये याच जनुकाची आणखी एक प्रत उजेडात आली आणि तिचा संबंध मणक्यांमधील चकत्या अकाली झिजण्याशी असल्याचे दिसले. थोडक्यात, बॅसेटचे धड, डोके आणि हाडांची जाडी मोठ्या कुत्र्याची असते आणि आखूड असतात ते फक्त पाय. अशा शरीरावर वाढलेला प्रत्येक किलो दुबळ्या चकत्यांच्या लांब पाठीवर आणि मुळातच वाकड्या सांध्यांवर पडतो.

मग वजन योग्य आहे की नाही हे ओळखायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर काट्याआधी हाताने मिळते. पशुवैद्यकात त्यासाठी शरीरस्थिती गुणांक वापरतात. ही 1 ते 9 अंकांची श्रेणी असून 1 म्हणजे हाडांचा सापळा, 9 म्हणजे अतिलठ्ठ, आणि 4 व 5 हे अंक योग्य मानले जातात. 5 च्या पुढचा प्रत्येक अंक साधारणपणे 10 ते 15 टक्के जादा वजन दर्शवतो. बॅसेटच्या बाबतीत मात्र ही श्रेणी केवळ डोळ्यांनी लावता येत नाही. सैल कातडीच्या घड्या लठ्ठपणाचा भास निर्माण करतात किंवा खरा लठ्ठपणा झाकून टाकतात, आणि छातीचा पिंजरा पोटाकडे बराच मागेपर्यंत गेलेला असल्यामुळे इतर शिकारी जातींत बाजूने ठळक दिसणारा पोटाचा चढ येथे अस्पष्टच असतो. म्हणून कातडी बाजूला सरकवून बोटांची पेरे फासळ्यांवरून हलकेच फिरवावीत. उघड्या पंजाच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर तेथील हाडे जशी पातळ आवरणाखाली जाणवतात, तशा फासळ्या लागल्या तर वजन योग्य आहे. आवळलेल्या मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर पिल्लू रोड आहे. आणि तळहाताच्या मांसल भागासारखे मऊ लागून फासळी शोधावी लागली तर पिल्लू लठ्ठ आहे. वरून पाहताना फासळ्यांच्या मागे कमरेचा किंचित तरी निमुळतेपणा दिसला पाहिजे.

'बाळसे आहे, वय वाढेल तसे उतरेल' हा गैरसमज सर्वांत लाडका आणि सर्वांत घातकही आहे. पुढच्या पायाच्या खालच्या भागात रेडियस आणि अल्ना ही दोन हाडे शेजारीशेजारी वाढतात. बॅसेटमध्ये अल्नाची वाढ आधीच मागे पडण्याची प्रवृत्ती असते आणि त्यामुळे पाय बाहेर वळणे, कोपराचा सांधा नीट न जुळणे असे दोष उद्भवतात. अशा सांध्यांवर जादा भार टाकणे म्हणजे वाकलेल्या वाशावर आणखी कौले चढवणे होय. पिल्लू 'भक्कम व्हावे' म्हणून दिलेले जादा कॅल्शियमही तितकेच अपायकारक असते, कारण लहान पिल्लाच्या आतड्याला त्याचे शोषण पुरेसे आवरता येत नाही. वाढीच्या वयासाठी तयार केलेल्या चांगल्या खाद्यात ते आधीच योग्य प्रमाणात असते. सडपातळ ठेवण्याचे मोल किती, हे 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या आयुष्यभर चाललेल्या अभ्यासाने दाखवले. त्यात जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाद्य देण्यात आले होते आणि कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान 13 वर्षे, तर दुसऱ्या गटाचे 11.2 वर्षे भरले.

उलट दिशेने होणारी चूकही नोंदवायला हवी. साधारण सहा महिने ते एक वर्ष या काळात पिल्लू हाडकुळे, लांबुळके आणि बेंगरूळ दिसू लागते, शेवटच्या एक-दोन फासळ्या वळताना किंचित दिसतात आणि पाहुणेमंडळी उपासमारीचा ठपका ठेवून मोकळी होतात. उत्साह, भूक आणि शौच व्यवस्थित असल्यास अशा पिल्लाला चारून फुगवण्याचे कारण नाही. पाठीचा कणा आणि कमरेची हाडे दुरूनही उठून दिसत असतील किंवा वजन अचानक घटले असेल, तर मात्र जंत किंवा आजार यांची तपासणी करून घ्यावी.

नसबंदीमुळे कुत्रा लठ्ठ होतोच, हे म्हणणे अर्धसत्य आहे. तिच्यानंतर उष्मांकांची गरज घटते आणि भूक वाढते, त्यामुळे खाद्य तेवढेच ठेवले तरच वजन चढते. खाद्याच्या पिशवीवरील तक्ताही सुरुवातीचा अंदाज म्हणूनच वाचावा. चार महिने ओलांडलेल्या 12 किलोंच्या पिल्लाला दिवसाला ढोबळमानाने 900 किलोकॅलरी लागतात आणि वरखाणे त्याच्या एक दशांशापलीकडे जाऊ नये. एक मध्यम पोळी सुमारे 100 किलोकॅलरींची असल्यामुळे प्रेमाने भरवलेल्या एकाच पोळीत तो वाटा संपून वर थोडे उरते. राहिला व्यायाम, तर बॅसेटच्या पिल्लाला पळवून, जिने चढवून वजन उतरवण्याचा विचार पाठीच्या दृष्टीने अनिष्टच ठरतो.

काट्याचा खरा उपयोग एका आकड्यासाठी नसून वाढीची रेषा पाहण्यासाठी आहे. वॉल्थम संस्थेने 2017 मध्ये प्रौढ वजनाच्या गटांनुसार आणि नर-मादी असे स्वतंत्र वाढतक्ते प्रसिद्ध केले असून बहुतेक बॅसेट त्यांतील 15 ते 30 किलोंच्या गटात बसतात. पिल्लाला कडेवर घेऊन घरगुती काट्यावर उभे राहावे, स्वतःचे वजन वजा करावे आणि दर पंधरा दिवसांनी आलेला आकडा फासळ्यांच्या शेऱ्यासह वहीत लिहावा. पिल्लू तक्त्यातील ज्या रेषेच्या आसपास वाढत आले आहे, तिच्यापासून दोन रेषा ओलांडून वर किंवा खाली गेले, तर ती वही घेऊन पशुवैद्याकडे जावे. उंची वर्षभरात थांबली तरी बॅसेटचे अंग त्यानंतरही भरत राहते, म्हणून ही नोंद दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावी.