सावकाश या, बऱ्हाणपूरला भेटू!

आपल्याकडे ‘सावकाश’ हा शब्द दोन्ही भाषांत चालतो. गाडी दारातून निघाली की आई म्हणते, “सावकाश जा,” आणि अज्जी म्हणते, “सावकाश होग.” गेल्या हिवाळ्यात आम्ही जुन्या मोटारींचा एक घरगुती मेळावा जमवला. तो पार पडला याचं श्रेय या एका शब्दाला!

निमित्त मात्र फारसं आनंदाचं नव्हतं. आमच्या सोलापूरच्या घरी अज्जांची १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी गाडीची तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. त्याचं शुल्क २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेलं, आणि वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी २०२५ मध्ये दहा हजार झालं. आमची मुदत संपत आली होती. धाकटा भाऊ म्हणाला, “भंगारात देऊया.” थोरले दादा काहीच बोलले नाहीत. अज्जांनंतर गाडी त्यांनीच सांभाळली; पण आता वय सत्तरीपुढचं. शेवटी वहिनी म्हणाल्या, “द्यायची तर द्या, पण आधी एकदा तिला लांब फिरवून आणा.”

इंदूरला दिलेल्या आत्याच्या घरीही पद्मिनीच. आत्तेभावाला फोन केला, तर त्याने शेजाऱ्याच्या अॅम्बॅसिडरचंही नाव घातलं. जळगावचे एक स्नेही जीप घेऊन यायला तयार झाले. आमच्याकडून मामांची मारुती ८००. झाल्या पाच गाड्या! ना क्लब, ना फलक, ना प्रमुख पाहुणे.

भेटायचं कुठे? इंदूरकरांना आम्ही तिकडे यावं असं वाटत होतं, आम्हाला ते लांब. बऱ्हाणपूरवर एकमत झालं. आम्हाला पाचशे किलोमीटरहून अधिक, म्हणजे वाटेत एक मुक्काम. त्यांना अर्धा दिवस. शिवाय आपल्या भागातून बऱ्हाणपूरची वाट काही नवी नाही. १६०४ मध्ये विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाची कन्या अकबराचा मुलगा दानियाल याला दिली. लग्न पैठणला लागलं. वधूसोबत विजापूरहून निघालेला इतिहासकार फरिश्ता पुढे बऱ्हाणपूरपर्यंत गेला होता. तो गेला, मग आपण का नाही?

पद्मिनीचं आणि सोलापूरचं नातंही जुनंच. ही गाडी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरला झाला. १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साथीने बंगळूरला विमानाचा कारखाना काढणारेही तेच. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी ‘फियाट’ नावाने तयार होणारी गाडी १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. मुंबईच्या रस्त्यांवरची तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची बंद झाली. आता उरल्यात त्या घराघरांतल्या.

बेत ठरवताना काही गोष्टी शिकलो, त्या वाचकांच्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट हंगामाची. खानदेश-निमाडचा उन्हाळा जुन्या गाडीला सोसत नाही. उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी बंद पडते. मग पंपावर ओलं फडकं टाकून बसावं लागतं. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

दुसरी इंधनाची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांतलं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. निघण्याआधी इंधनाच्या नळ्या तपासा, फुगलेल्या किंवा तडकलेल्या असतील तर बदला.

तिसरी कागदपत्रांची. नोंदणी, विमा, पीयूसी प्रत्येकाने आधीच एकमेकांना दाखवायचं. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. पण तशी गाडी मेळावा, प्रदर्शन, देखभाल अशाच कारणांसाठी बाहेर काढता येते. रोज बाजारात न्यायची असेल तर विचार करूनच अर्ज करा.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची: सर्वांत हळू गाडी पुढे. बाकीच्यांनी तिच्यामागे राहायचं. कुणी थांबला की सगळे थांबणार. रात्री गाडी चालवायची नाही. शर्यत नाही, बक्षीस नाही.

अजिंठ्याचा घाट उतरताना या नियमाचं मोल कळलं. आमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते तापू लागले, पाय अधिक दाबावा लागू लागला. दादांनी गिअर खाली घेतला आणि कडेला थांबले. मामांची मारुतीही मागे थांबली. अर्धा तास गेला. शेंगाचटणी आणि कडक भाकरी तिथेच सुटली.

बऱ्हाणपुरात जुन्या वेशींच्या आत गल्ल्या अरुंद आहेत. म्हणून गाड्या मुक्कामाच्या ठिकाणीच, मोठं अंगण पाहून लावल्या आणि गाव रिक्षाने पाहिलं. जामा मशिदीतला शिलालेख आमच्यासारख्या दुभाषी घरांना फार आवडला. तिथे अरबीबरोबर संस्कृतही कोरलेलं आहे. १६१५ मधला कुंडी भंडारा पाहिला. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून केवळ उताराने शहरात आणलेलं. असीरगडाच्या चढावर जुन्या गाड्या घातल्या नाहीत, जीपनेच गेलो. संध्याकाळी मावा जिलेबी आणि दराबा. खर्च डोईमागे वाटून घेतला, हिशेब वहीत लिहिला.

खरा मेळावा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात झाला. जळगावच्या स्नेह्यांनी एका वयस्कर मेकॅनिकना बोलावलं होतं. ते गाडीला हात लावण्याआधी कान लावायचे. इंजिनच्या आवाजावरून त्यांनी आमच्या कार्बुरेटरमधला कचरा ओळखला. बारावीतली पुतणी शेजारी बसून सगळं वहीत उतरवत होती. कुठला स्क्रू किती फिरवायचा, कुठला पार्ट आता कोणाकडे मिळतो. “आमच्यामागे हे कोण सांगणार?” असं ते सहज म्हणाले. तेव्हा दादांनी पहिल्यांदाच तिच्या वहीकडे नीट पाहिलं.

परतल्यावर धाकट्यानेच नोंदणीचे पैसे भरले. अट एकच, पुढच्या पाच वर्षांत गाडीचं काम पुतणीने शिकायचं. तिला नुकताच परवाना मिळाला आहे. परवा ती पहिल्यांदा पद्मिनी घेऊन निघाली. शेजारी बसलेले दादा दोनच शब्द बोलले, “सावकाश होग.”

तुमच्याही अंगणात अशी एखादी गाडी झाकून ठेवलेली असेल. चार घरं जमली तरी पुरे. मात्र तिच्या आवाजावरून दुखणं ओळखणारं माणूस आहे तोवर बेत करा.