रोटरी कटर चालविताना बोटे सांभाळा

करंजीची कड कापणारे कातण मराठी घराला नवे नाही. रोटरी कटर दिसायला त्याच्याच कुळातला. मूठ हातात धरावी, चाक टेकवावे आणि पुढे लोटीत न्यावे. साम्य मात्र इथेच संपते. कातणाचे चाक मऊ पारीपुरते असते. रोटरी कटरचे पाते वस्तऱ्याच्या धारेचे असून सुती कापडाचे चार-सहा थर एका फेरीत कापते. तितक्याच सहजतेने ते बोटाचे टोकही कापू शकते.

जपानमधील ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये हा कटर बाजारात आणला. तो होता कपडे बेतण्यासाठी. पण त्याला खरा आश्रय दिला तो अमेरिकेतील क्विल्ट करणाऱ्यांनी. क्विल्टसाठी एकाच मापाचे चौकोन, त्रिकोण, पट्ट्या शेकड्यांनी लागतात. कात्रीने दिवसभर चालणारे काम कटरने तासाभरात होऊ लागले. आपल्याकडची गोधडी जुन्या लुगड्या-धोतरांतून, डोळ्यांच्या मापाने शिवली जात असे. तिला या हत्याराची गरज कधी भासली नाही. मापात कापलेल्या तुकड्यांची रजई करायची म्हटली, की रोटरी कटर, जाड पारदर्शक पट्टी आणि खाली अंथरायची कटिंग मॅट हे त्रिकूट आलेच.

यात इजा होते ती बहुधा कटर धरलेल्या हाताला नव्हे, तर पट्टी दाबून धरलेल्या हाताला. उजव्या हाताने काम करणाऱ्यांच्या डाव्या हाताची तर्जनी आणि अंगठा यांची टोके सर्वाधिक धोक्यात असतात. कारण साधे आहे. अॅक्रिलिकची पट्टी गुळगुळीत असते आणि तिची जाडी असते जेमतेम ३ मिलिमीटर. कापताना ती किंचित सरकली किंवा कटर तिरपा झाला, की पाते पट्टीवर चढते आणि कडेशी आलेल्या बोटापर्यंत पोहोचते. धार इतकी तीक्ष्ण, की वेदनेआधी रक्त दिसते.

म्हणून पहिली काळजी पट्टीवरच्या हाताची. तळवा सपाट ठेवू नये. बोटे तंबूच्या खुंट्यांसारखी पसरून टोकांनी दाब द्यावा आणि कापायच्या कडेपासून ती चांगली दूर असावीत. करंगळी पट्टीच्या पलीकडच्या कडेबाहेर मॅटवर टेकविली, तर पट्टीला सरकायला वाव राहत नाही. लांब काप घेताना हात ताणून पट्टीचे पुढचे टोक दाबण्याचा मोह होतो, तो टाळावा. पाते हाताच्या पातळीपर्यंत आले की थांबावे, कटर तेथेच टेकलेला ठेवून हात पुढे सरकवावा आणि मग उरलेले कापावे. पट्टीच्या खालच्या बाजूस चिकटविण्याच्या खरखरीत टिकल्या मिळतात. त्यांचा उपयोग होतो. बोटांच्या आड येणारी आडभिंत किंवा मूठ असलेल्या पट्ट्याही मिळतात.

कटर नेहमी शरीरापासून दूर न्यावा, आडवा किंवा स्वतःकडे ओढू नये. उभे राहून, कमरेइतक्या उंच टेबलावर काम केल्यास दाब सरळ पडतो. जमिनीवर मांडी घालून बसण्याची आपली सवय येथे गैरसोयीची ठरते. कारण मग कटर चालतो तो थेट मांडीच्या दिशेने!

बोथट पाते अधिक घातक असते, हे ऐकायला विचित्र वाटते. पण धार गेली की धागे मधेमधे सुटू लागतात, माणूस जोर लावतो आणि जोर लावलेला हातच घसरतो. टाचणीवरून गेलेल्या पात्याला खाच पडते आणि ते लगेच निकामी होते. तेव्हा टाचण्या आधी काढाव्यात आणि पाते बदलण्यात काटकसर करू नये.

विळी वापरून झाली की ती पाडून ठेवायची, असा घरोघरी दंडक असे. रोटरी कटरलाही तोच लागू आहे. प्रत्येक काप झाला की, दहा सेकंदांनी पुन्हा उचलायचा असला तरी, पात्यावरचे आवरण ओढलेच पाहिजे. हातातून निसटलेला कटर झेलण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. मॅट नवी घेता येते.

हातमोज्यांविषयी गैरसमज बराच आहे. साधा सुती मोजा कुचकामी. कटर बनला आहे तो कापड कापण्यासाठीच. काप-रोधक धाग्यांचा मोजा घ्यावा. युरोपातील ईएन ३८८ या मानकात मोज्यांची एक चाचणी फिरत्या गोल पात्यानेच घेतात आणि १ ते ५ असा दर्जा देतात. त्यातील वरचा दर्जा निवडावा. मोजा घालायचा तो पट्टीवरच्या हातात. त्याने जखम उथळ होते, अभेद्य कवच मिळत नाही.

एवढे करूनही बोट कापलेच, तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे घट्ट दाबून हात छातीच्या वर धरावा. मधेच कापड उचलून पाहू नये. हळद वा कॉफीची पूड भरू नये. बोट वाकत नसेल, टोक बधिर असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर स्नायुबंध किंवा मज्जातंतू कापला गेल्याची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे जावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारावे. तुकडा वेगळा झाला असल्यास तो ओलसर स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा व ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकड्याला बर्फ थेट लागू देऊ नये.

बोथट झालेली पाती कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकण्याची चूक अनेकांकडून होते. कापडाला न चालणारे पाते कचरा वेचणाऱ्याच्या तळव्याला पुरेसे असते. ती पत्र्याच्या डबीत साठवावीत आणि डबी भरली की चिकटपट्टीने बंद करून, वर ‘धारदार पाती’ असे लिहून द्यावी.