डिस्चार्जनंतर कोण विचारतं?

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचून परत आलेल्या माणसाशी काय बोलायचं, हे आपल्याला कळत नाही. म्हणून आपण बोलतच नाही. काही संशोधकांनी मात्र पन्नासेक वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न हातात घेतला.

वर्गातली एक मुलगी तीन आठवडे येत नाही. ग्रुपवर कुजबुज सुरू होते. कुणी म्हणतं, टायफॉइड झालाय. कुणी म्हणतं, टायफॉइड वगैरे काही नाही, ॲडमिट होती, 'तसलं' काहीतरी केलं तिने. मग एक दिवस ती येते. नेहमीच्या बाकावर बसते. आणि अख्खा वर्ग एकदम नॉर्मल वागायला लागतो. इतका नॉर्मल, की तिच्याशी कुणी बोलतच नाही.

तुम्हाला आठवतंय असं कुणी? मला आठवतंय. मी तिच्या चॅटमध्ये तीनदा 'कशी आहेस' टाइप केलं आणि तीनदा खोडलं. वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोलून बसलो तर? त्यापेक्षा तिलाच बोलू दे. ती बोलली नाही. पुढच्या वर्षी तिने कॉलेज बदललं. ती ठीक आहे, एवढंच ऐकून आहे.

आपण गप्प बसतो ते चांगल्या मनानेच. पण वेळ चुकते. आधी एकदा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला पुढचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. आणि मानसोपचारासाठी ॲडमिट झालेल्या पेशंटसाठी हॉस्पिटलमधून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे, महिने सगळ्यात नाजूक, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. डॉक्टर पुढची तारीख देतात. मित्र 'स्पेस' देतात. आणि त्या माणसाभोवती एकदम शांतता होते.

दुसरी बाजूही लगेच सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. प्रयत्नातून वाचलेल्या दर दहांपैकी जवळपास नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. ते नोकरी करतात, लग्नं करतात, भाजी आणतात, जगतात. म्हणजे हा कडेलोटाचा नाही, वळणाचा मामला आहे. त्या वळणावर काय उपयोगी पडतं, एवढाच प्रश्न.

आता चला सॅन फ्रान्सिस्कोला. साल १९६९.

जेरोम मोटो नावाचे एक मानसोपचारतज्ज्ञ होते. नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार यासाठी ॲडमिट झालेल्या ३००५ जणांची त्यांच्या टीमने नोंद केली. डिस्चार्जनंतर महिन्याभराने चौकशी केली, की तुम्ही उपचार चालू ठेवलेत का? ८४३ जण असे निघाले की त्यांनी उपचार नाकारले होते किंवा मध्येच सोडले होते. म्हणजे ज्यांच्यापर्यंत पोचणं सगळ्यात अवघड, नेमके तेच. मोटोंनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला काहीच नाही. दुसऱ्या गटाला पत्रं.

पत्रात काय होतं माहितीये? जवळपास काहीच नाही. तुम्ही इथून गेलात त्याला बरेच दिवस झाले, सगळं बरं असेल अशी आशा आहे, वाटलं तर चार ओळी लिहा, आम्हाला आवडेल. बस्स. औषधं घेताय का, अपॉइंटमेंट का चुकवली, फॉर्म भरा, असलं काही नाही. दर वेळी शब्द वेगळे. सही त्याच व्यक्तीची, जिने हॉस्पिटलमध्ये त्या पेशंटशी बोलणं केलं होतं. पेशंटने उत्तर पाठवलंच, तर पुढच्या पत्रात त्याचा उल्लेख. पहिले चार महिने दर महिन्याला, मग आठ महिने दोन महिन्यांनी एकदा, मग चार वर्षं दर तीन महिन्यांनी. पाच वर्षांत एकूण २४ पत्रं.

पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळणाऱ्यांमधलं आत्महत्येचं प्रमाण पत्रं न मिळणाऱ्यांच्या साधारण निम्मं होतं. नंतर फरक हळूहळू कमी होत गेला. पण उपचारांना 'नको' म्हणणाऱ्या माणसांच्या बाबतीत, टाइप केलेल्या चार ओळींनी हे व्हावं? मी हा आकडा दोनदा वाचला.

तुमच्या मनात एक शंका आली असेल. ज्यांना पत्रं पाठवली नाहीत, त्यांचं काय? धोका माहीत असताना त्यांना मुद्दाम तसंच ठेवायचं, हे क्रूर नाही का? मलाही तसंच वाटलं होतं. पण वर म्हटलं तसं, बहुतेक लोक यातून बाहेर येतातच. तुलनेला दुसरा गट नसेल तर कुठल्याही उपायाला 'बघा, बरे झाले' म्हणता येतं. पत्रालाही आणि अंगाऱ्यालाही. शिवाय आत्महत्येने होणारे मृत्यू अभ्यासाच्या भाषेत 'विरळ' असतात, त्यामुळे फरक दिसायला शेकडो नाही, हजारो माणसं लागतात. म्हणून बरेच अभ्यास मृत्यूंऐवजी पुन्हा झालेले प्रयत्न मोजतात. आणखी एक गंमत, म्हणजे गंमत कसली, अडचण. नवीन औषधांच्या चाचण्या घेताना आत्महत्येचा जास्त धोका असलेल्या पेशंटना वर्षानुवर्षं वगळलं गेलं. जबाबदारी नको म्हणून. ज्यांना उत्तराची गरज सगळ्यात जास्त, त्यांच्याबद्दलचा डेटाच सगळ्यात कमी.

मोटोंची कल्पना मग जगभर फिरली. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये ७७२ पेशंटवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे पत्राऐवजी वर्षभरात आठ पोस्टकार्डं पाठवली होती. पुन्हा प्रयत्न करणाऱ्या माणसांची संख्या फारशी बदलली नाही, पण एकूण प्रयत्न जवळपास निम्म्यावर आले. तेहरानमध्ये २३०० जणांवर पोस्टकार्डं वापरली, तिथे विचार आणि प्रयत्न दोन्ही कमी झाले. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये मात्र हाच प्रयोग केला आणि खास फरक दिसला नाही. अमेरिकेत सैनिकांना वर्षभरात ११ टेक्स्ट मेसेज पाठवून पाहिले, निकाल संमिश्र आला. तेव्हा 'एक पोस्टकार्ड टाका आणि जीव वाचवा' असली रील कुणी बनवली तर फॉरवर्ड करू नका. ही जादू नाही.

पण आपल्याला जवळचा अभ्यास चेन्नईचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ठिकाणं निवडली होती. चेन्नई, कोलंबो, ब्राझीलमधलं कॅम्पिनास, इराणमधलं करज आणि चीनमधलं युनचेंग. चेन्नईचं काम बघत होत्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार. १९८६ मध्ये 'स्नेहा' ही आत्महत्या प्रतिबंधाचं काम करणारी संस्था त्यांनीच सुरू केली. प्रयत्नानंतर इमर्जन्सी वॉर्डात आलेले १८६७ जण या अभ्यासात होते. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना नेहमीचे उपचार, शिवाय डिस्चार्जच्या सुमारास एक तास शांत बोलणं, की हे असं का होतं, धोका कधी वाढतो, मदत कुठे मिळते. आणि नंतर अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा घरी भेट. पहिली एका आठवड्याने, दुसरी दोन आठवड्यांनी, मग अंतर वाढत जातं. अठरा महिन्यांनंतर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले होते. फोन आणि भेटी मिळालेल्या गटात ०.२ टक्के.

लक्षात घ्या, हे काही सगळे श्रीमंत देश नाहीत. जिथे मानसोपचारतज्ज्ञांची चणचण, गर्दीचे वॉर्ड, तिथलं हे आहे. एक तास आणि नऊ फोन.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे थेरपी नकोच? उलट. थेरपीतही खूप काही घडलंय. मला सगळ्यात आवडलेली पद्धत स्वित्झर्लंडमधल्या बर्नची. फक्त तीन सिटिंग. पहिल्यात थेरपिस्ट प्रश्नांची यादी काढतच नाही. तुम्ही इथपर्यंत कसे आलात, ते तुमच्या शब्दांत सांगा, एवढंच म्हणतो आणि ऐकतो. परवानगी घेऊन त्याचा व्हिडिओ होतो. दुसऱ्या सिटिंगला दोघं शेजारी बसून तो व्हिडिओ बघतात. इथे थांबवूया, या क्षणी काय वाटत होतं? तिसऱ्यात पुढच्या वेळचे धोक्याचे इशारे आणि काय करायचं, हे लिहून काढतात. आणि पुढे दोन वर्षं, ओळखलं असेलच तुम्ही, थेरपिस्टच्या सहीची पत्रं. १२० जणांवरचा हा अभ्यास २०१६ मध्ये आला. ६० जणांच्या या गटात दोन वर्षांत पुन्हा प्रयत्न झाले ५. तुलनेच्या ६० जणांच्या गटात ४१. अभ्यास छोटा आहे, एकाच ठिकाणचा आहे, हे मान्य. पण स्वतःची गोष्ट न थांबवता ऐकून घेणारं कुणीतरी असणं, हा इथे उपचाराचाच भाग आहे.

डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी हे नाव इन्स्टावर वाचलं असेल, 'डीबीटी'. ती तयार केली सिएटलच्या मार्शा लिनेहान यांनी. त्यात आठवड्याला थेरपिस्टशी सिटिंग असतं, भावनांचा लोंढा आला की काय करायचं याचे गटात वर्ग असतात, आणि दोन सिटिंगच्या मध्ये फारच असह्य झालं तर थेरपिस्टला फोन करायची मुभा असते. २००६ च्या अभ्यासात १०१ स्त्रिया होत्या. तुलनेला साधेसुधे नाही, त्या भागातले अनुभवी थेरपिस्ट ठेवले होते. तरी डीबीटी घेणाऱ्यांमध्ये पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांचं प्रमाण निम्मं. मग २०११ मध्ये लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितलं, की सतरा वर्षांच्या असताना त्या स्वतः याच कारणासाठी मनोरुग्णालयात होत्या, दोन वर्षांहून जास्त. म्हणजे 'हाय रिस्क' म्हणून नोंद झालेल्या त्या मुलीनेच पुढे उपचार शोधला.

औषधांबद्दल थोडक्यात. स्किझोफ्रेनियाच्या पेशंटमध्ये क्लोझापीनमुळे आत्महत्येचे प्रयत्न कमी होतात, हे मोठ्या अभ्यासात दिसलं आणि २००२ मध्ये अमेरिकेत त्याला त्यासाठी मान्यता मिळाली. लिथियमबद्दल वर्षानुवर्षं आशा होती, पण २०२१ मध्ये आलेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत फायदा दिसला नाही. हा विषय डॉक्टरांचा. सुरू असलेली गोळी लेख वाचून बंद करू नका, एवढंच.

आपल्या कामाची एक गोष्ट मात्र कागदाच्या एका पानाची आहे. तिला 'सेफ्टी प्लॅन' म्हणतात. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी तो तयार केला. पेशंट आणि तज्ज्ञ मिळून लिहितात. माझं बिघडायला लागलं की आधी काय होतं? तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो? कुठे जाऊ शकतो, कुणाबरोबर बसलं की डोकं दुसरीकडे जातं? कुणाला स्पष्ट सांगू शकतो? कुठल्या डॉक्टरला, हेल्पलाइनला फोन करायचा? आणि शेवटी, आजूबाजूला धोकादायक असं जे काही असेल ते दूर कसं ठेवायचं? अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांमध्ये इमर्जन्सीत आलेल्यांना हा प्लॅन आणि नंतर फोन, असं दिलं. १६४० जणांच्या तुलनेत सहा महिन्यांतलं आत्महत्येशी संबंधित वर्तन ४५ टक्क्यांनी कमी दिसलं.

या यादीत 'कुणाबरोबर बसलं की' आणि 'कुणाला सांगू शकतो' अशा दोन जागा आहेत ना? त्या तुमच्यामाझ्यासाठी आहेत. नुसता धीर देऊन त्या भरत नाहीत. तिथे नाव आणि नंबर लिहावा लागतो.

स्पष्ट सांगायला हवं, की वरची पत्रं, फोन हे प्रशिक्षित लोकांनी केलेले होते. हॉस्टेलमधल्या मित्राच्या मेसेजवर कुणी अशी चाचणी घेतल्याचं मी वाचलेलं नाही. तुम्ही थेरपिस्ट नाही, मीही नाही. पण मोटोंच्या पत्रातून एक गोष्ट उचलता येते. काही मागू नका. 'का केलंस?' नको. 'आईबाबांचा विचार नाही केलास?' तर अजिबात नको. 'रिप्लाय दे ना' नको. 'आज कॅन्टीनला तुझी आवडती साबुदाणा खिचडी होती, तुझी आठवण आली. रिप्लाय नाही दिलास तरी चालेल', असं काहीतरी. आणि पुन्हा दोन आठवड्यांनी. आणि पुन्हा महिन्याने, जेव्हा बाकीचे सगळे विसरलेले असतील तेव्हा.

आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर डोक्यात विचार घालू, ही भीतीही अभ्यासांत खरी ठरलेली नाही. समोरच्याच्या बोलण्यात तसं काही जाणवलं तर 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?' असं सरळ विचारा. उत्तर 'हो' असेल तर एकट्याने सांभाळत बसू नका. 'कुणाला सांगणार नाही' अशी शपथ घेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना, शिक्षकांना, डॉक्टरांना आत घ्या. पोलीस केसच्या भीतीने घरं गप्प बसतात, म्हणून हेही माहीत असू दे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा करता येत नाही. उलट तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थी आत्महत्येने गेले, आणि सगळ्यात जास्त आपल्या राज्यातले होते. म्हणजे वाचून परत वर्गात येऊन बसलेलेही आपल्याच आसपास आहेत.

आणि हे वाचताना ती बाकावरची मुलगी तुम्हीच असाल, तर तुमच्यासाठी. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन २४ तास सुरू असते, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. नंबर १४४१६. आत्ताच सेव्ह करा. काय बोलायचं ते आधी ठरवलं नाही तरी चालेल.