स्नीकरच्या फेरविक्रीत नफा कोणत्या ब्रँडचा?

बूट ही वापरून झिजवण्याची वस्तू, अशीच आपल्याकडे वर्षानुवर्षे समजूत होती. गेल्या दशकभरात महानगरांतील तरुणाईने मात्र तिला जपून ठेवण्याच्या आणि भाव चढला की विकण्याच्या वस्तूंच्या पंक्तीत नेऊन बसवले. मोबाइलच्या पडद्यावरून हे वारे आता मराठवाड्यातही पोहोचले आहे. दुकान थाटण्याइतके भांडवल नाही, नोकरीची शाश्वती नाही आणि घरच्यांनी मोठ्या मिनतवारीने दिलेले लाखभर रुपये हाती आहेत, अशा नांदेड-लातूरकडच्या तरुणाला ‘कोणत्या ब्रँडचे स्नीकर घेऊन विकले तर चार पैसे सुटतील?’ असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर ब्रँडच्या नावात शोधू गेल्यास फसगत होण्याची शक्यता अधिक. ब्रँडचा लौकिक मोठा असणे आणि त्याच्या विक्रीतून आपल्याला नफा मिळणे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांतील फरक समजून घेणे, हीच या व्यवसायाची पहिली पायरी होय.

टंचाईचा व्यापार

स्नीकरच्या फेरविक्रीची मुळे अमेरिकेत आहेत. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन याच्या नावाने ‘नायकी’ने १९८५ मध्ये ‘एअर जॉर्डन’ बाजारात आणला, तेव्हा त्याची किंमत ६५ डॉलर होती. पुढे कंपन्यांनी खेळाडू आणि गायकांच्या नावाने मोजकेच जोड काढण्याचे तंत्र अंगीकारले. मागणी मोठी आणि जोड थोडे, अशी स्थिती निर्माण झाली की मूळ किमतीत माल मिळवणारा तो दुप्पट-तिप्पट दराने विकू लागला. या व्यवहाराला शेअर बाजारासारखे रूप देणारे ‘स्टॉकएक्स’ हे संकेतस्थळ २०१६ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईत ‘सुपरकिक्स’ आणि दिल्लीत ‘व्हेजनॉनव्हेज’ ही निवडक स्नीकरची दुकाने उघडली. पुण्यातून २०१७ मध्ये यूट्यूब वाहिनीच्या रूपाने सुरू झालेले ‘मेनस्ट्रीट’ पुढे फेरविक्रीच्या व्यवसायात उतरले आणि मुंबईपर्यंत पोहोचले. महाराष्ट्रातील तरुणांपुढे असलेले हे सर्वांत जवळचे उदाहरण.

तथापि, या सर्व व्यवहारातील नफा टंचाईतून येतो आणि टंचाईची चावी कंपनीच्या हाती असते, हे विसरून चालत नाही. ‘नायकी’च्या ‘डंक लो’ या प्रकारातील काळ्या-पांढऱ्या जोडाला ‘पांडा’ असे लाडके नाव पडले. २०२१ मध्ये तो आला तेव्हा फेरविक्रेत्यांची चांदी झाली. पण मागणी पाहून कंपनीने तोच जोड पुनःपुन्हा बाजारात आणला आणि त्यावरचा जादा भाव विरघळून गेला. चढ्या दराने साठा करून बसलेल्यांना तो जवळपास दुकानातल्या किमतीत काढावा लागला.

दुसरे उदाहरण ‘यीझी’चे. गायक कान्ये वेस्ट याच्याशी केलेला करार ‘आदिदास’ने त्याच्या वादग्रस्त वक्तव्यांमुळे ऑक्टोबर २०२२ मध्ये संपुष्टात आणला. जगभर भाव खाणाऱ्या एका मालिकेचे भवितव्य एका व्यक्तीच्या वर्तनावर अवलंबून होते, हे त्या दिवशी सर्वांना कळून चुकले. गोदामात उरलेले जोड कंपनीने २०२३ आणि २०२४ मध्ये टप्प्याटप्प्याने विकले. करार मोडला म्हणजे माल दुर्मीळ होणार, असा अंदाज बांधून साठा करणाऱ्यांसमोर खुद्द कंपनीच विक्रेता म्हणून उभी राहिली.

तिसरा धडा आगाऊ नोंदणीचा. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात ‘झादेह किक्स’ या फेरविक्री व्यवसायाने एअर जॉर्डनच्या एका जोडासाठी सहा लाखांहून अधिक मागण्या आगाऊ पैसे घेऊन नोंदवल्या. प्रत्यक्षात त्याला सहा हजारांच्या आसपासच जोड मिळवता आले. २०२२ मध्ये हे प्रकरण फसवणुकीच्या आरोपापर्यंत गेले. माल हातात येण्यापूर्वी गिऱ्हाइकाचा पैसा घेण्याचा मोह छोट्या गावातही होतो. येथे तर गिऱ्हाईक ओळखीचे, म्हणजे पैशांबरोबर नावही जाते.

कायद्याची चौकट

अमेरिकेतील गणित जसेच्या तसे आपल्याकडे मांडता येत नाही, याचे मुख्य कारण डब्यावर छापलेली कमाल किरकोळ किंमत, म्हणजेच एमआरपी. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार आवेष्टित वस्तू या छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकण्यास किरकोळ विक्रेत्याला मनाई आहे. डब्यावर आयातदाराचे नाव-पत्ता व किंमत नसेल, तर तीही नियमातील त्रुटीच ठरते. म्हणजे ‘दहा हजारांचा जोड वीस हजारांना’ या कल्पनेवर ज्याचा सारा डोलारा उभा आहे, त्याने आपण कोणत्या जमिनीवर उभे आहोत याची आधी खात्री केलेली बरी. परदेशातील नातलगाकडून सामानातून जोड मागवून विकणे हाही राजमार्ग नव्हे. प्रवाशाच्या सामानाला मिळणारी सीमाशुल्काची सवलत वैयक्तिक वापरासाठी असते, व्यापारासाठी नाही.

याहून मोठा धोका ‘फर्स्ट कॉपी’चा. हुबेहूब दिसणारा, बोधचिन्हासह येणारा आणि मूळ किमतीच्या दशांशाने मिळणारा हा माल प्रथमदर्शनी सर्वांत जास्त नफा देतो. परंतु ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०४ नुसार खोटे व्यापारचिन्ह असलेल्या मालाची विक्री हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘गिऱ्हाइकाला सांगूनच विकतो’ हा बचाव येथे उपयोगी पडत नाही. उलट, वैध मार्गाने विकत घेतलेला अस्सल माल पुन्हा विकण्यास याच कायद्याचे कलम ३० सर्वसाधारणपणे मुभा देते, मात्र त्या मालाच्या स्थितीत बदल झालेला नसावा. खरेदीचे बिल जपून ठेवण्याचे महत्त्व यातून ध्यानात येईल.

वस्तू व सेवा कराचाही ब्रँडच्या निवडीशी थेट संबंध आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रति जोड अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के आणि त्यावरील पादत्राणांवर १८ टक्के कर आहे. २५०० रुपये विक्रीमूल्याच्या जोडावर १२५ रुपये कर पडतो, तर २६०० रुपयांच्या जोडावर तो ४६८ रुपये होतो. शंभर रुपयांच्या फरकासाठी गिऱ्हाइकाला सुमारे साडेचारशे रुपये जादा मोजावे लागतात. साहजिकच अडीच हजारांच्या आतील ब्रँडना या बदलाने बळ दिले आहे.

गिऱ्हाईक कोण?

यानंतरचा प्रश्न आपल्या बाजारपेठेचा. लातूरची ओळख ‘लातूर पॅटर्न’मुळे महाराष्ट्रभर झाली. ‘नीट’ आणि ‘जेईई’च्या तयारीसाठी बाहेरगावांहून येणारे हजारो विद्यार्थी येथे वसतिगृहांत व भाड्याच्या खोल्यांत राहतात. नांदेडमध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये आणि शिकवणी वर्ग असल्याने असाच मोठा विद्यार्थिवर्ग आहे. या मुलांना ब्रँडची नावे तोंडपाठ असतात. खिशातले पैसे मात्र घरून महिन्याला येतात आणि त्यातील मोठा वाटा खानावळ व खोलीभाड्यातच संपतो. जूनमध्ये एक टिकाऊ जोड आणि दिवाळीत जमल्यास दुसरा, एवढीच त्यांची खरेदी.

दुसरे गिऱ्हाईक भरतीची तयारी करणाऱ्या तरुण-तरुणींचे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. पहाटे मैदानावर घाम गाळणाऱ्या या मुलांसाठी बूट हे शोभेचे साधन नाही. हलका, पायाला घट्ट बसणारा आणि काही महिन्यांच्या सरावात तळ न सोडणारा जोड त्यांना हवा असतो. या गटाला दिखाऊ स्नीकर विकणे म्हणजे त्यांचे आणि आपलेही नुकसान.

तिसरा वर्ग लग्नसराई आणि सणांचा. ग्रामीण भागातील खरेदी सोयाबीन व तुरीच्या पैशावर अवलंबून असते. सोयाबीनचे पीक हाती आले आणि भाव बरा मिळाला की लातूरच्या गंजगोलाईत व नांदेडच्या वजिराबादेत गर्दी उसळते. पाऊस रुसला की हीच बाजारपेठ सुस्तावते. मोजक्या जोडांचा शौक असणारे संग्राहक या शहरांत नसतीलच असे नाही, पण त्यांच्या भरवशावर महिन्याचा खर्च भागणार नाही. ते गिऱ्हाईक पुण्या-मुंबईतील नामांकित विक्रेत्यांकडून घरबसल्या माल मागवू शकते.

एका लाखाचे गणित

कायद्याची बाब क्षणभर बाजूला ठेवून निव्वळ आकडेमोड करून पाहू. समजा, एक लाख रुपयांत प्रत्येकी २० हजारांचे पाच दुर्मीळ जोड घेतले आणि प्रत्येकी चार हजार नफ्याची अपेक्षा ठेवली. पाचही विकले गेले तर २० हजार सुटतील. पण तीनच विकले गेले आणि उरलेल्या दोहोंचा भाव १५ हजारांवर आला, तर १२ हजारांच्या नफ्यातून १० हजारांचा तोटा वजा होऊन हाती केवळ दोन हजार राहतात.

आता त्याच लाखात १२५० रुपये दराने ८० जोड घेतले आणि प्रत्येकी २०० रुपये नफा धरला. त्यातील ७० जोड ठरल्या भावाने गेले आणि दहा जोड प्रत्येकी २५० रुपये तोट्यात काढावे लागले, तरी ११ हजार ५०० रुपये उरतात. दोन महिन्यांत हा माल संपला, तर सहा महिन्यांत भांडवल तीनदा फिरते आणि रक्कम ३४ हजार ५०० होते. त्यातून वाहतूक, भाडे व फोनचा खर्च वजा जाईल, हे खरे. पण एका जोडाच्या भावातील चढउताराने येथे कंबरडे मोडत नाही. व्यापारात नफ्याच्या टक्क्याइतकेच पैसा किती वेळा फिरला याला महत्त्व असते, हे आपल्या किराणा दुकानदारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

मग ब्रँड कोणते?

या कसोटीवर ब्रँडचे तीन गट पडतात. पहिला गट अडीच हजारांच्या आतील देशी ब्रँडचा. २००५ पासून बाजारात असलेला आणि २०२२ मध्ये ज्याची कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली तो ‘कॅम्पस’, ‘रिलॅक्सो’चा ‘स्पार्क्स’, ‘एशियन’ आणि ‘बाटा’चा ‘पॉवर’ ही त्यातील परिचित नावे. विद्यार्थी आणि भरतीचे उमेदवार मुख्यतः या गटात येतात. नवशिक्याचे बहुतांश भांडवल येथेच असावे. मात्र हेच जोड ऑनलाइन सवलतीत मिळत असल्याने खरेदीपूर्वी तेथील भाव पाहणे अनिवार्य आहे. आपला खरेदीदर त्याहून कमी नसेल, तर तो माल घेऊच नये.

दुसरा गट ‘पुमा’, ‘आदिदास’, ‘स्केचर्स’ यांसारख्या परदेशी ब्रँडच्या सर्वसाधारण जोडांचा. हंगाम संपताना कंपन्यांच्या अधिकृत सवलत-विक्री दुकानांत हा माल निम्म्या किमतीपर्यंत उतरतो. तो बिलासह घेऊन छापील किमतीच्या आत विकल्यास कायदाही मोडत नाही आणि गिऱ्हाइकालाही लाभ होतो. लग्नसराईसाठी हा गट योग्य. तिसरा गट ‘जॉर्डन’सारख्या दुर्मीळ जोडांचा. तो शौक म्हणून असू द्यावा. गमावले तरी घर हलणार नाही एवढाच पैसा त्यात घालावा.

ब्रँड ठरल्यावरही निम्मी लढाई नंबरांची असते. पुरुषांचे सात, आठ आणि नऊ नंबर लवकर संपतात, तर टोकाचे नंबर पडून राहतात. घाऊक विक्रेता सर्व नंबरांचा संच गळ्यात मारू पाहतो, तेव्हा मधल्या नंबरांचे जोड जास्त मागावेत. पांढरा, काळा आणि करडा हे रंग कायम चालतात. भडक रंगांची लाट ओसरली की माल अंगावर पडतो. माल घेताना डब्यावरील आणि बुटाच्या आतील पट्टीवरील क्रमांक जुळतात का, हे पाहावे. खेळाच्या बुटांसाठी आयएस १५८४४ हे भारतीय मानक आहे. गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश जुलै २०२३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाल्याने नव्या मालावर आयएसआय चिन्ह शोधावे. चिन्हाखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तपासता येतो. माल घेतल्यापासून साठ दिवसांत न विकलेला जोड खरेदीदरात काढून पैसा मोकळा करावा, हा नियम स्वतःला घालून घ्यावा. मित्रमंडळींना उधारी तर टाळावीच.

थोडक्यात, नफा देणारा ब्रँड जाहिरातीत सापडत नाही. तो आपल्या वहीत सापडतो. कोणता जोड, कोणत्या नंबराचा, किती दिवसांत गेला, याची सहा महिने प्रामाणिकपणे नोंद ठेवली, तर नांदेड-लातूरच्या गिऱ्हाइकाची नस कळू लागते. लाखभर रुपये ही महानगरातील संग्राहकासाठी चार-पाच जोडांची किंमत असेल. मराठवाड्यातील अनेक घरांसाठी ती एका हंगामाची पुंजी असते. ती पणाला लावणाऱ्याने लोकांच्या पायात काय आहे, हे आधी पाहिले पाहिजे.